दवाखान्याचा वाटा

त्या साली माळेवाडीत खळंच झालं नाही.

खळं झालं नाही म्हणजे जमीन चोपली नाही, शेणाने सारवली नाही, मधोमध तिवडा रोवून त्याच्याभोवती बैल फिरवले नाहीत. बैल गावात नव्हतेच. ते छावणीत उभे राहून सरकारी चारा खात होते. वाऱ्याचा अंदाज घेत, टोपलं डोक्यावर धरून कुणी बाजरी उपणली नाही. आणि रास पडली की पोती काखेत मारून, आपण सहजच इकडून चाललोय अशा चालीने येणारी माणसंही आली नाहीत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. आणि सगळ्यांच्या शेवटी, सायकल बाभळीला टेकवून, चष्मा पुसत येणारा छगन डॉक्टर.

डॉक्टरला खळ्यावर वाटा देणारं दुसरं गाव कुठं होतं की नाही, देव जाणे. माळेवाडीत मात्र विजयमालाच्या जन्माआधीपासून ते चाललं होतं. छगन लष्करात कंपाउंडर होता. तिथून सुई टोचायला शिकून आला आणि त्याने गावाशी बोली केली. सुतार जसं औत दुरुस्त करतो तशी मी माणसं दुरुस्त करीन. घरटी चार पायल्या बाजरी द्या, मग वर्षभर कुणी आजारी पडा अगर पडू नका. पडलात तर सुई माझी, औषध माझं, सायकल माझी. नाही पडलात तर बाजरी माझी. अशा घराला गावात 'बांधलेलं घर' म्हणत. पुंजारामचं घर बांधलेलं होतं.

विजयमाला पुंजारामची लेक. नववीत होती. सव्वीस जानेवारीला शाळेत साऱ्या गावासमोर तिने भाषण केलं, कुठंही अडखळली नाही, आणि तेव्हापासून तिचा असा समज झाला होता की जगात कुणालाही काहीही विचारता येतं. सकाळची शाळा सुटली की ती दप्तर घरात फेकून दुष्काळी कामावर जायची. तिथं रस्त्यासाठी खडी फोडत बसलेल्या आईला पाणी द्यायची, फोडलेली खडी टोपल्यात भरायची आणि विचारत सुटायची.

"मुकादम, हा रस्ता कुठवर जानार?"

"तालुक्यापत्तुर."

"मग आपुनच फोडलेल्या खडीवरून आपुन यष्टीत बसून जानार व्हय?"

"तू न्हाई जानार. तुझं लगीन करून बैलगाडीत घालून धाडू," मुकादम म्हणायचा, आणि खडी फोडणाऱ्या साऱ्या बाया हसायच्या.

तिची आई मनकर्णा हसायची नाही. तिला हसायला उसंत नसायची. डाव्या पायाच्या दोन बोटांत दगड धरायचा, चिंध्यांचं वेटोळं त्याच्याभोवती ठेवायचं म्हणजे कपच्या उडत नाहीत, आणि हातोडी मारायची. हातोडीला तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती तरी तळहाताला फोड आले होते, फुटले होते आणि त्यांच्यावर आता घट्टे धरत होते. शेजारी भागूबाई बसायची. भागूबाईला शेत नव्हतं, नवरा बन्सी खोकत होता, आणि खोकत खोकतच तो मातीच्या पाट्या वाहत होता.

"बन्सीमामांना छगन डॉक्टरकडं का न्हाई न्हेत?" विजयमालाने विचारलं.

"आमाला खळं हाय व्हय बाई?" भागूबाई हातोडी न थांबवता म्हणाली. "खळं न्हाई त्याला डॉक्टर न्हाई. आमाला आपलं अडुळशाचं पान."

विजयमालाला हे ऐकून गंमत वाटली आणि मग लगेच वाटेनाशी झाली. आपल्या शेजारचं घर बांधलेलं नाही हे तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

त्याच दिवशी, मंगळवारी, ऊन कलायच्या सुमाराला, दगड चिंध्यांच्या वेटोळ्यातून निसटला. मनकर्णाने हातोडी उचललेली होती, ती थांबली नाही. टण् असा आवाज आला आणि मनकर्णाने "आई गं" म्हणून दोन्ही हात तोंडाला लावले. हातोडी घरंगळत विजयमालाच्या पायाशी आली.

बाया धावल्या. भागूबाईने पदराचा बोळा केला, त्यात तोंडाची गरम फुंकर मारून तो डोळ्यावर दाबला. कुणी म्हणालं पाण्यात डोळा उघड. कुणी म्हणालं लेकुरवाळीचं दूध घाला. एका म्हातारीने तर जीभ फिरवून कण काढते म्हणून मनकर्णाचं डोकं मांडीवर ओढलं. डोळा मिटलेला, लालबुंद, त्यातून पाणी आणि पाण्यात रक्ताची बारीक रेघ. मनकर्णा रडत नव्हती. नुसती दात आवळून बसली होती.

मुकादम आला. त्याने लांबूनच पाहिलं.

"घरी न्या तिला. आजची अर्धी हजेरी लावतो."

"आन उद्याची?" पुंजारामने विचारलं. तो मातीची पाटी टाकून धावत आला होता.

"उद्याला आली तर लागंल."

छगन डॉक्टरच्या ओट्यावर ते दिवस मावळायच्या आत पोचले. डॉक्टर पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, पाय पाण्याच्या बादलीत घालून बसला होता. त्याने पाय पुसले, बॅटरी आणली, मनकर्णाची पापणी दोन बोटांनी वर केली. ती कळवळली. त्याने सोडून दिली.

"पुंजाराम, बुबुळात कपची रुतलीय. ह्ये माझ्या सुईचं काम न्हाई."

"मंग काय करायचं डॉक्टर?"

"नगरला माझा वळखीचा डोळ्याचा डॉक्टर हाय. लष्करात संगं व्हतो. उद्याच्याला मी सोता घेऊन जातो, निम्म्यात करून देतो. पन..." डॉक्टरने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. चष्मा पुसायला लागला की तो अवघड बोलणार हे गावाला माहीत होतं. "दोन सालं तुमचं खळं न्हाई. बोली सुटल्यागत झाली बघा."

"खळं तर कुनाचंच न्हाई," विजयमाला म्हणाली.

"गप गं," पुंजाराम म्हणाला.

"बोलू दे. खरं हाय तिचं." डॉक्टर हसला, पण ते हसू लांब गेलं नाही. "माझ्या घरात बी रेशनची लाल मिलो ज्वारीच शिजती. पोरं ताट सरकावत्यात. मी औषिद तालुक्यावरनं रोख घेतो, पुंजाराम, त्यो दुकानदार बाजरी घेत न्हाई. आन दुसरं असं की डोळा आपल्या बोलीत कधी नव्हताच."

"बोलीत काय काय हाय मग?" विजयमाला पुढे सरकली. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"ताप, खोकला, हगवन, इंचू, गळू."

"आन काय न्हाई?"

"डोळा, हाड, बाळातपन."

"म्हंजी मानूस जवा लई मोडतं तवा न्हाई," ती म्हणाली, आणि बोलल्यावर तिलाच आपलं बोलणं ऐकू आलं.

डॉक्टरला राग आला नाही. त्याने मान हलवली. "चार पायल्यांत तेवढंच बसतं, पोरी. समदं घालाया गेलो तर पोतं मागावं लागंल."

पुंजाराम खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "घरात बी हाय. पुढच्या पेऱ्याचं. चार पायल्याला थोडंसंच कमी भरंल."

डॉक्टरने चष्मा डोळ्यांवर चढवला. बाजरीचं नाव निघताच त्याच्या घशाचा उंचवटा एकदा खालीवर झाला. विजयमालाने तो पाहिला. डॉक्टर काही बोलायच्या आत मनकर्णा बोलली. डोळ्यावर पदर घट्ट दाबलेला, आवाज नाकातून येत होता.

"बी द्यायचं न्हाई."

"अगं, डोळा जाईल."

"बी गेलं तर म्होरलं खळं कुठनं? आन खळं न्हाई तर ह्यांचा वाटा कुठनं? डॉक्टर, तुमीच सांगा."

डॉक्टरने बादली उचलून पाणी ओट्याखाली ओतलं.

"मंग सरकारी दवाखान्यात जाऊ," विजयमाला म्हणाली. "तालुक्याला. तिथं वाटा मागत न्हाईत."

"जावा की," डॉक्टर म्हणाला. "पन येक सांगतो. माझ्या ओट्यावर ह्यो पुंजाराम हाय. तिथं ह्यो नुसता नंबर. तीन पावसाळ्यांमागं ह्याला इंचू चावला तवा मी चिखलातनं सायकल खांद्यावर घेऊन आल्तो. सरकार येतंय का सायकल खांद्यावर घेऊन?"

पुंजारामने मान डोलावली. ते खरंच होतं. तो विंचू, तो चिखल, डॉक्टरच्या कपाळावरून ओघळणारं पाणी, सगळं त्याला आठवत होतं.

वाटेने विजयमालाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. सुताराला आपण देतो, डॉक्टरला आपण देतो. सरकारी दवाखान्याला कुणीच काही देत नाही. मग तिथल्या डॉक्टरच्या घरात शिजतं काय?

"दादा, सरकारी डॉक्टरला वाटा कोन देतं?" तिने बापाला विचारलं.

"कुनी न्हाई. म्हनूनच तिथल्या औषिदाला गुन येत न्हाई," पुंजाराम म्हणाला. त्याची तशी पक्की समजूत होती. देणाऱ्या-घेणाऱ्यात धान्य फिरलं की माणूस बांधला जातो आणि मगच औषध अंगाला लागतं. फुकट दिलेल्या गोळीला तो गोळी मानायचाच नाही.

सकाळी ते निघाले. मनकर्णाचा डोळा सुजून मुठीएवढा झाला होता. पुंजारामच्या काखेत एक फडक्यातलं बोचकं होतं आणि त्यावर त्याने घोंगडी टाकली होती. भाकरी असतील असं विजयमालाला वाटलं. नंतर तिच्या लक्षात आलं की भाकरी तर तिच्याच हातात आहेत.

तालुक्याचा दवाखाना कौलारू होता, भोवती लिंबाची झाडं. व्हरांड्यात माणसंच माणसं. दाराशी एक शिपाई पत्र्याचे बिल्ले वाटत होता. त्याने विजयमालाच्या हातात बिल्ला ठेवला. वळणावळणाचा आकडा होता त्यावर, आणि कडा बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या.

"डोळ्याच्या बाई गुरुवारी येतात. नगरहून," आतली नर्स म्हणाली. "आज औषध घालते, पट्टी बांधते. उद्या या."

"उद्या या? आमी माळेवाडीवरनं आलोय बाई."

"सगळे कुठून तरी आलेतच."

तिने थेंब घातले, पांढरी पट्टी बांधली आणि "चोळायचं नाही, अजिबात नाही" असं तीनदा बजावलं. एसटीने परत जाऊन पुन्हा यायला परवडणार नव्हतं. ते दवाखान्याच्या आवारातच राहिले. मनकर्णा लिंबाखाली घोंगडीवर पडली. पुंजाराम बोचकं उशाला घेऊन बसला आणि मधूनमधून म्हणत राहिला, "छगन डॉक्टरसंग गेलो असतो तर आत्तापत्तुर निघाली असती कपची." मनकर्णा म्हणायची, "आन बी?" मग तो उशाचं बोचकं आणखी आत सरकवायचा. कामावरच्या दोन दिवसांच्या हजेऱ्या बुडत होत्या.

विजयमाला मात्र हिंडली. तिला बसवेना. तिने व्हरांड्यात कोण कोण आहे ते पाहिलं. कुणी ऊसतोडीला गेलेला, पाय कुजून परत आलेला. एक बाई आपल्या बाळाला छातीशी धरून नुसती डोलत होती. आणि रांगेत, चक्क रांगेत, त्यांच्याच गावच्या पाटलाची बायको! जरीकाठी लुगडं, नाकात नथ, आणि हातात तसाच पत्र्याचा बिल्ला. तिच्या पुढे एक वडारीण बसली होती.

"काकू, तुमी बी?" विजयमालाने विचारलं.

"कानाला झालंय," पाटलीणबाई तोंड वाकडं करून म्हणाली. "म्हटलं आधी आत घ्या, तर हा शिपाई म्हणतो बिल्ला किती? मी म्हटलं पाटलाची हाय. तर म्हणतो, असा बिल्ला आमच्याकडं न्हाई."

विजयमाला हसू दाबत पळाली आणि आईला जाऊन सांगितलं. कालपासून पहिल्यांदा मनकर्णाच्या ओठांचे कोपरे हलले.

गुरुवारी डोळ्याच्या बाई आल्या. उंच, आखूड केसांच्या, पांढरा कोट, पायात पुरुषांसारखे बूट. नंबर आला तशी तिघंही आत गेली. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने नाव, गाव विचारलं. पुंजारामने सांगितलं आणि मग, चोरी कबूल करावी तसा, हात जोडून म्हणाला,

"साहेब, आमचं घर बांधलेलं न्हाई. आधीच सांगतो. हितं आमी आजपत्तुर कायबी दिलेलं न्हाई."

कारकुनाने लिहायचं थांबून वर पाहिलं. "बांधलेलं म्हणजे?"

"वाटा दिलेला न्हाई."

"कसला वाटा? पुढं व्हा."

"पुढं व्हा कसं? न देता पुढं कसं व्हायचं?" पुंजारामने काखेतलं बोचकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. घोंगडी सरकली, फडकं सुटलं, आणि राखेत घोळलेली बाजरी कागदांवर पसरली. घरातल्या उतरंडीतलं सगळ्यांत खालचं गाडगं. शेणाने तोंड लिंपून ठेवलेलं बियाणं.

मनकर्णाने उघड्या डोळ्याने ते पाहिलं. तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि पुंजाराम दुसरीकडे बघायला लागला.

"अरे, काय हे! मुंग्या होतील!" नर्स ओरडली. मागे रांगेतली माणसं हसायला लागली. कुणी म्हणालं, "दवाखान्यात दळायला आलाय का काय?" पुंजारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो दोन्ही हातांनी बाजरी गोळा करायला लागला, ती बोटांतून निसटत होती. विजयमालाही वाकली. एकेक दाणा वेचताना तिला इतका राग आला होता की हसणाऱ्यांकडे वळून भाषण ठोकावंसं वाटलं. पण कुणावर रागवायचं ते तिला कळेना.

"ते नंतर बघू," डोळ्याच्या बाई आतून म्हणाल्या. "आधी यांना आणा."

त्यांनी मनकर्णाला खुर्चीवर बसवलं, डोळ्यात थेंब टाकले. "आता दुखणार नाही. पण हलायचं नाही. डोळा एका जागी ठेवायचा. कुठं तरी टक लावून बघा." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुझं नाव काय गं?"

"विजयमाला."

"विजयमाला, इथं भिंतीशी उभी राहा. बाई, हिच्या कानातल्या बाळीकडं बघा. बाळी हलली की तुमचा डोळा हलेल. कळलं ना?"

विजयमाला जन्मात कधी स्थिर उभी राहिली नव्हती. मास्तर तिला गोफण म्हणायचे. आता ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने श्वास कोंडला. आईचा तो सुजलेला, लाल डोळा तिच्या कानाला असा चिकटला होता की तिला कान गरम झाल्यासारखा वाटला. बाईंच्या हातात बारीक सुई होती, दुसऱ्या हातात भिंग. नाकाला खाज सुटली. पायाला मुंगी चढली, चांगली घोट्यापर्यंत आली, तिथं थांबली, आणि चावली. विजयमाला हलली नाही. मागे पुंजारामचा श्वास ऐकू येत होता, बैल दमल्यावर घेतो तसा.

"निघाली," बाई म्हणाल्या.

सुईच्या टोकावर मोहरीच्या टरफलाएवढं काही तरी काळं होतं. एवढंसं! विजयमालाने ते जवळ जाऊन पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. एवढ्याशा दगडाने केवढं मोठं घर हलवलं होतं.

"डोळा वाचेल," बाई पट्टी बांधताना म्हणाल्या. "बुबुळावर एक पांढरा ठिपका राहील. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर मी हा शब्द दिला नसता. कालच काढायला हवी होती. पण मी एकटी आणि तालुके किती तरी." मलम संपलं होतं. नर्सने एका वापरलेल्या नळीचं शेपूट कागदात गुंडाळून दिलं आणि "पिळून पिळून पुरवा" म्हणाली.

पुंजाराम जागचा हलेना. बोचकं पुन्हा पुढे धरून उभा.

"घ्या बाई. नायतर गुन यायचा न्हाई."

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "घरात काडेपेटी आणता ना?"

"व्हय."

"बिडी ओढता?"

पुंजारामने बायकोकडे बघून मान हलवली.

"त्या काडेपेटीच्या, त्या बिडीच्या किमतीत थोडासा सरकारचा कर असतो. त्यातून हा दवाखाना चालतो. माझा पगार, ही सुई, तो बिल्ला. तुमचा वाटा तुम्ही कधीच दिलाय."

"काडेपेटीत?" पुंजारामला पटेना. "येवड्याशा काडीत दवाखाना बसतोय व्हय?"

"तुमच्या एकट्याच्या काडीत नाही बसत. सगळ्यांच्या मिळून बसतो."

"आन ज्याला खळं न्हाई त्याच्या?" विजयमालाने विचारलं.

"चूल तर सगळेच पेटवतात ना?" बाई म्हणाल्या. "चला, पुढचा नंबर."

परतीच्या एसटीत विजयमाला गप्प होती, हे इतकं नवल होतं की कंडक्टरनेही तिच्याकडे दोनदा पाहिलं. ती मनातल्या मनात काड्या ओढत होती. पाटलाच्या वाड्यातली काडी, वडारणीच्या पालातली काडी, भागूबाईच्या तीन दगडांच्या चुलीतली काडी. एकेका काडीबरोबर कुणाचा तरी डोळा, कुणाचा तरी कान. मग तिला वाटलं, पण बिल्ला फुकट असला तरी एसटी फुकट नव्हती. बुडालेली हजेरी फुकट नव्हती. लिंबाखालचा दिवस फुकट नव्हता. छगन डॉक्टर दारात येतो, पण ज्याला खळं त्याच्याच दारात. सरकारी दवाखाना सगळ्यांचा, पण त्याच्या दारात आपण जायचं. चांगलं कुठलं? तिने आईला विचारलं.

"सायकल छगनची आन सुई त्या बाईची असती तर बरं झालं असतं," मनकर्णा म्हणाली आणि पट्टी नसलेल्या बाजूने डोकं खिडकीला टेकवून झोपली.

घरी आल्यावर तिने चूल पेटवायला काडेपेटी घेतली. एका डोळ्याने अंदाज चुकायचा. पहिली काडी विझली, दुसरीही विझली.

"जपून," पुंजाराम ओसरीवरून म्हणाला, "दवाखाना संपवशील एका दमात."

आणि मनकर्णा हसली. पट्टी सैल होईस्तोवर हसली.

बियाणं पुन्हा गाडग्यात गेलं, पुन्हा शेणाने लिंपलं गेलं. मृगानंतर ते रानात पडलं. त्या साली पाऊस वेळेवर धरला आणि वेळेवर उघडला. कणसं मनगटाएवढी आली. आणि एक दिवस माळेवाडीच्या रानारानांतून पुन्हा जमिनी चोपायचे आवाज यायला लागले.

पुंजारामच्या खळ्यावर तिवडा उभा राहिला. बैल फिरले. मनकर्णाने टोपलं डोक्यावर धरून उपणलं. तिच्या डाव्या बुबुळावर कणीएवढा पांढरा ठिपका होता, आणि भुस्सा उडाला की ती मान जराशी वळवून त्या डोळ्याला आडोसा द्यायची. रास पडली. पुंजारामने वाटे मांडले. सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, न्हाव्याचा, छगन डॉक्टरचा. मग थांबला, आणि बाजूला आणखी एक ढीग घातला.

छगन डॉक्टर आला. सायकल बाभळीला टेकवली, चष्मा पुसला, मनकर्णाचा डोळा बॅटरीशिवायच निरखून पाहिला.

"नामी झालाय," तो म्हणाला. "आपल्याला न्हाई जमलं असतं." मग त्याने ढिगांवरून नजर फिरवली. "ह्यो कुनाचा?"

"सरकारी दवाखान्याचा," पुंजाराम म्हणाला.

"खुळा हायेस का? कोन यील न्यायला? कलेक्टर पोतं घेऊन यील?"

"ते मला ठावं न्हाई. घेतलेलं हाय तर काढून ठिवलं."

"दादा, आपुन दिलंय की! काडेपेटी..." विजयमाला म्हणाली.

"ते तुज्या बाईनं सांगितलं. माझ्या हातानं दिल्यालं न्हाई."

मनकर्णाने छगन डॉक्टरच्या पोत्यात त्याच्या चार पायल्या मोजल्या, वर एक ओंजळ घातली. डॉक्टर म्हणाला, "मंग मी बांधलेलाच?" ती म्हणाली, "इंचवाला कुठं ठावं हाय बोली सुटली म्हनून?" डॉक्टर खो खो हसला आणि पोतं सायकलवर टाकून निघून गेला.

तो ढीग मात्र तसाच. दिवस कलला. चिमण्या येऊन टिपून गेल्या. पुंजाराम येरझाऱ्या घालत राहिला, जणू वाटेवर खरोखरच कुणी पोतं घेऊन येताना दिसेल.

आली ती भागूबाई. हातात झाडू. खळं उरकलं की कडेकडेला मातीत मिसळलेले दाणे झाडून न्यायचे, घरी पाण्यात घोळून माती काढायची, हा बिनखळ्यांच्या घरांचा रिवाज. बांधापलीकडे बन्सी बसला होता. खोकताना त्याचे खांदे कानांपर्यंत येत होते. गेल्या वर्षीचा खोकला, तोच.

"मामांना तालुक्याला न्हेलं का?" विजयमालाने विचारलं.

"तिथं फुकट हाय म्हनत्यात," भागूबाई झाडत झाडत म्हणाली. "पन यष्टी? आन दोन दिस बसून राहायचं तर खायचं काय? फुकटात जायाला बी पदरी काय तरी लागतंच की बाई."

मनकर्णाने तिच्या हातातला झाडू काढून घेतला. सूप उचललं आणि त्या वेगळ्या ढिगात घातलं.

"अगं, ते दवाखान्याचं हाय," पुंजाराम म्हणाला.

"मंग दवाखान्यालाच जातंय की," मनकर्णा म्हणाली. "पदर धर, भागू. निम्मी इकून यष्टीला, निम्मी भाकरीला. उद्याच्याला बन्सीला घेऊन जा. बिल्ला मागायचा. लाजायचं न्हाई. पाटलीन बी मागती."

पुंजाराम बघत राहिला. दिवसभर त्याच्या कपाळावर जी आठी होती ती हळूहळू सुटली. मग त्याने पुढे होऊन सूप बायकोच्या हातातून घेतलं आणि उरलेली बाजरी स्वतःच्या हाताने भागूबाईच्या पदरात घातली.

भागूबाईने पदराला गाठ मारली. ती गाठ दोन्ही हातांत धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण बोलली ती ठणठणीत.

"ह्ये परत कवा आन कुनाला द्यायचं, ते सांगा पयलं. माझं खळं न्हाई."

पुंजारामने काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग विजयमालाकडे पाहिलं. तूच सांग, असं.

"मामी," विजयमाला म्हणाली, "तुमची चूल कशानं पेटती?"